गणिकेचा राघू आणि घाटातला कस्तूर



भाविक वाचकहो, चंद्रभागेत आपण स्नान करतो तेव्हा हे पाणी कोठून आले, असा विचार आपल्यापैकी कितीजणांच्या मनात येतो? पाणी पंढरीचे, एवढ्यावर आपले समाधान असते, आणि भाविकास तेवढे पुरेही आहे. परंतु सासरी नांदणाऱ्या लेकीला जसे माहेर असते तसे त्या पाण्यालाही आहे. भीमा उगम पावते ती भीमाशंकराच्या डोंगरात. तुळापुरास तिला इंद्रायणी येऊन मिळते. तीही लोणावळ्यानजीक कुरवंड्याच्या डोंगरातून निघून देहू-आळंदी करीत आलेली. दोघींची माहेरे सह्याद्रीच्या माथ्यावर. आषाढ-श्रावणात तेथे चार-चार दिवस सूर्यदर्शन होत नाही. खडकावर शेवाळ, झाडांच्या अंगाखांद्यावर नेचे, आणि खाली कारवीची अशी दाट जाळी की भर दुपारी तिन्हीसांज वाटावी. त्या ओल्या अंधारात, ओढ्याच्या कडेला, एक पक्षी राहतो. आज निरूपणास आम्ही त्याला घेतला आहे. कोणी म्हणेल, बुवांना अभंग मिळाला नाही काय? मिळाला होता. पण या पक्ष्याचे एक देणे आमच्या अंगावर राहिले आहे, ते आधी फेडावे म्हणतो.

त्याचे नाव शीळ कस्तूर. पुढे आम्ही नुसता कस्तूरच म्हणू. साळुंकीहून थोराड, पारव्याहून किंचित लहान. चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे 25 सेंटिमीटर. दुरून पाहिला तर काळाकुट्ट. मात्र पानांतून एखादी तिरीप अंगावर पडली की कपाळ आणि खांदे असे निळे झळकतात की पाहणाऱ्याला विटेवरचा सावळा आठवल्यावाचून राहू नये. नर-मादी दिसण्यात सारखीच. पिलू मात्र तपकिरी असते, त्याच्या कपाळावर ती निळाई नसते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे लागेल. आहार म्हणाल तर ओढ्याकाठचे किडे, गांडुळे, गोगलगाई, खेकडे, बेडूक आणि रानातली बारीक फळे. खेकडा सापडला तर खडकावर आपटून खातो. तेव्हा हा काही माळकरी नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. उगाच याच्या गळ्यात तुळशीची माळ घालण्याचा आमचा विचार नाही.

स्वभावाने मोठा लाजरा. माणसाची चाहूल लागली की ‘क्रीऽऽ’ अशी तीक्ष्ण किंकाळी फोडून जाळीत शिरतो, की पुन्हा दर्शन नाही. त्यामुळे याची आपली ओळख व्हायची ती कानानेच. पहाट फुटण्याच्या आधी, आपल्याकडे देवळात काकड्याची तयारी चाललेली असते त्या सुमाराला, अंधारातून शीळ ऐकू येते. हुबेहूब माणसाची. वर चढते, खाली उतरते, मध्येच थांबते, आणि पुन्हा भलत्याच सुरावर उचलते. शाळा चुकवून निघालेला एखादा पोरगा हात खिशात घालून वाटेने शीळ घालीत जावा तशी. इंग्रज लोक याला ‘शीळ घालणारा शाळकरी’ म्हणत, ते काही उगीच नव्हे. तिला चाल अशी काही नाही. पण स्वर इतका उंच आणि निर्मळ की ओढा कितीही खळखळत असला तरी शीळ त्यात बुडत नाही, पाण्यावर तरंगत येते.

शास्त्रात या पक्ष्याला जागा मिळाली ती 1831 साली. व्हिगर्स नावाच्या आयरिश पंडिताने हॉर्सफील्ड या दुसऱ्या पंडिताच्या नावावरून याचे नाव ठेवले. कुळाचे नाव ‘मायोफोनस’. आम्ही पाठशाळेत धातू आणि प्रत्यय घोकलेले, त्यामुळे शब्द दिसला की सोलून पाहण्याची खोड. ‘फोनस’ म्हणजे ध्वनी असेल, टेलिफोनातला, असे आम्हांस प्रथम वाटले. चौकशी केली तर ग्रीक भाषेत त्याचा अर्थ निघाला ‘माशांचा मारेकरी’. एवढा गोड गळा, आणि नावात त्याचा मागमूसही नाही! नावावरून योग्यता ठरविणाऱ्यांनी हे पाहावे.

फेब्रुवारी-मार्चपासून ऑगस्टपर्यंत याचा विणीचा काळ, आणि त्यातही पावसाळा खरा. म्हणजे असे पाहा, ज्येष्ठ वद्यात देहू-आळंदीहून पालख्या निघतात, आपण ढगांकडे डोळे लावून माळरान तुडवीत जातो, आणि नेमक्या त्याच दिवसांत याचे घरटे धबधब्याच्या बाजूला खडकाच्या कपारीत तयार होत असते. मुळ्या, शेवाळ, गवत आणि चिखल यांची जाड वाटी. कधी रस्त्याच्या मोरीखाली, कधी घराच्या वळचणीलाही बांधतो. दोन ते चार अंडी. नर-मादी दोघेही आळीपाळीने उबवतात, सोळा-सतरा दिवस. आपला चातुर्मास पोथीचा, त्यांचा हा.

याच्याविषयी एक कथा सांगतात. श्रीकृष्ण ओढ्याकाठी मुरली उशाला घेऊन निजला होता. एका पोराने ती हळूच उचलली आणि वाजवू लागला. देव जागा झाला, आणि त्या पोराचा पक्षी झाला. मुरलीतले तुकडे-तुकडे तेवढे त्याला आठवतात, पुरे गाणे आठवत नाही. म्हणून शीळ मध्येच तुटते. कथा गोड आहे. परंतु आम्ही दशम स्कंध पुन्हा काढून पाहिला, त्यात अशी कथा कोठेही नाही. ती लोकांनी रचलेली आहे, आणि आमच्या मते देवाला तीत उगाच कठोर केले आहे. गोकुळातल्या पोरांनी त्याचे लोणी पळवले, शिदोरी पळवली. मुरली उचलली म्हणून तो कोणाला पाखरू करील, हे आमच्या मनाला पटत नाही.

असो. आता देण्याची गोष्ट.

2017 साली चैत्रात मावळातल्या एका गावी सप्ताह होता. गाव घाटमाथ्याच्या अंगाला, पलीकडे दरी. तिसऱ्या रात्रीची सेवा आणि काल्याचे कीर्तन, अशी दोन्ही आमच्याकडे होती. उतरण्याची सोय सप्ताहाचे प्रमुख असलेल्या एका माळकरी गृहस्थांच्या घरी. निष्ठावंत मनुष्य, अनेक वर्षांचा वारकरी. घरी पोहोचलो, पाय धुतले, ओसरीवर टेकलो, तोच आतून कोणी नामघोषाची चाल शिळेवर घेतली. ज्ञानोबा-तुकाराम म्हणत दिंडी चालते ना, तीच चाल, वजनाला वजन बरोबर. आम्ही म्हटले, “कोण हो हा गुणी मुलगा?” गृहस्थ हसले. म्हणाले, “मुलगा न्हाई बुवा. या, दावतो.”

तुळशीजवळ बांबूचा पिंजरा टांगलेला. आत कस्तूर. मागल्या पावसाळ्यात मोरीखालच्या घरट्यातून पोरांनी पिलू काढून आणले होते, अंगावर पीसही नव्हते तेव्हा. गृहस्थांनी त्याला हाताने भरवून वाढवले. रोज पहाटे काकड्याला जाण्याआधी त्याच्यापुढे बसून तीच एक चाल शिळेवर म्हणायची, असा आठ महिन्यांचा नेम. पाखरू शिकले.

वाचकहो, आम्ही विरघळलो. खोटे कशाला सांगावे? डोळ्यांना पाणी आले. त्या रात्री नारदाच्या गादीवर उभे राहून आम्ही गणिकेची कथा लावली. तिने राघू पाळला, त्याला रामनाम शिकवले, शिकवता-शिकवता तिच्या मुखी नाम आले आणि तिचा उद्धार झाला. ती कथा सांगून आम्ही हात केला तो थेट आमच्या यजमानांकडे. “गणिकेचा राघू पुराणात ऐकला होता, या गावात आम्ही डोळ्यांनी पाहिला. धन्य ते घर, धन्य तो पिंजरा!” टाळ कडाडले. मृदंगवाल्याने असा हात टाकला की मंडप दणाणला. यजमान मान खाली घालून बसले होते, पण चेहरा फुललेला.

चौथ्या दिवशी दुपारी दोन पोरे आम्हांस भेटायला आली. पाया पडली. आम्ही समजलो, माळ घालून घ्यायला आली असतील. एकाने विचारले, “बुवा, ते पाखरू अंडी कवा घालतं?” दुसरा जरा धीट होता. त्याने विचारले, शिकवलेला पक्षी शहरात कितीला जाईल?

आम्ही काहीतरी सांगून त्यांना वाटेला लावले. पण त्या रात्री झोप लागली नाही. चालीस वर्षे कीर्तन करतो. आमच्या सांगण्यावरून कोणी दारू सोडली, कोणी माळ घातली, अशी फुशारकी आम्ही मनाशी कैक वेळा मारली आहे. आमच्या सांगण्यावरून कोणी घरटी उतरवायला निघेल, हे मात्र कधी मनात आले नव्हते.

पहाटे उठून ओढ्यावर गेलो. चैत्राचा महिना, ओढा आटलेला, सावलीच्या डोहात तेवढे पाणी. तोंडावर पाणी मारतो तोच वरच्या अंगाला शीळ सुरू झाली. रानातली, कोणी न शिकविलेली. आम्ही तसेच ओले हात घेऊन उभे राहिलो. एका महाविद्यालयात हा विषय शिकविणाऱ्या एका गृहस्थांनी आम्हांस मागे सांगितले होते की, हे गाणे म्हणजे काही देवाची आळवणी नव्हे. हा ओढा माझा आहे, दुसऱ्याने येऊ नये, आणि जोडीदारणीने यावे, एवढाच त्याचा मतलब. आम्हांस त्यात काही उणे वाटले नाही. आपण तरी काकड्याला उभे राहून काय म्हणतो? तू माझा आहेस, ये, एवढेच.

घरी परतलो तर ओसरीवर गडबड. रानातली शीळ घरापर्यंत येत होती. पिंजऱ्यातला पक्षी ती नामाची चाल विसरला होता. ‘क्रीऽऽ, क्रीऽऽ’ करीत गजांवर डोके आपटत होता. यजमानांच्या मातोश्री दिवा घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “रोजचंच हाय म्हाराज. त्यो वरचा वरडला का ह्यो असा करतो. मग फडकं टाकावं लागतं.” दिव्याच्या उजेडात आम्ही प्रथमच त्या पक्ष्याकडे नीट पाहिले. एव्हाना त्याच्या कपाळावर निळाई यायला हवी होती. खांद्यावर आली होती. कपाळावर मात्र पिसेच नव्हती. गजांना घासून-घासून कातडे उघडे पडले होते, लालसर. दोन दिवस आम्ही त्याच्यासमोर बसून डोळे पुसत होतो, आणि हे आम्हांस दिसले नव्हते. आम्ही कानाने पाहत होतो.

एकनाथ महाराजांनी ज्या एकादश स्कंधावर टीका लिहिली आणि 1573 साली काशीत ती पुरी केली, त्यात अवधूताचे चोवीस गुरू आहेत. चोविसांत पक्षी दोनच, कपोत आणि कुरर. कपोताची पिले जाळ्यात सापडतात. ती ओरडतात म्हणून आई जाळ्यात उडी घेते, आणि तिच्यामागून बापही. आसक्तीने जीव कसा नाश पावतो याचा हा दृष्टांत, असे आम्ही शिकलो, आणि असेच जन्मभर सांगत आलो. अर्थ तोच आहे, त्यात शंका नाही. परंतु त्या दिवशी प्रथमच आमच्या मनात आले की, या दृष्टांतात एक पारधीही आहे, आणि त्याच्याविषयी आम्ही कधी एक वाक्यही बोललो नाही. पंडित मंडळी रागावतील, रागावोत.

यजमानांशी बोलणे भागच होते. आम्ही म्हटले, “माऊली, हा पक्षी सोडावा असे वाटते.” ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बुवा, गणिकेनं राघू काय झाडावर ठिवला व्हता का? पिंजऱ्यातच व्हता ना? तुमीच सांगितलं परवा.”

प्रश्न बिनतोड होता. पाठशाळेत आमच्या गुरुजींनी वादात हरायचे कसे तेही शिकविले होते. ते कामी आले. आम्ही म्हटले, “खरे आहे. सांगितले आम्हीच. गणिका तरली हे सर्व पुराणिक सांगतात, आम्हीही सांगतो. त्या राघूचे पुढे काय झाले, हे कोणी सांगितलेले तुम्ही ऐकले आहे काय? आम्ही ऐकले नाही. तारले ते नामाने, पिंजऱ्याने नव्हे. आणि नाम तुमच्या मुखी पाखरू येण्याच्या आधीपासूनच आहे.” त्यांनी उत्तर दिले नाही. मग आम्ही व्यवहाराचीही गोष्ट सांगितली, की 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या रानातला पक्षी पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे, तेव्हा कोणी येऊन विचारण्याआधी तुम्ही होऊन वनरक्षकाला बोलवा. हे आधी सांगायला नको होते असे आता वाटते. भीती घातल्यासारखे झाले. त्यांचा चेहरा उतरला तो सप्ताह संपेपर्यंत तसाच राहिला.

काल्याच्या कीर्तनाला गादीवर उभे राहिलो. नेहमीप्रमाणे बाळक्रीडेचा अभंग घेतला, गोपाळांच्या शिदोऱ्या झाल्या, हंडी फोडण्याआधी आम्ही टाळ थांबवायला सांगितले. म्हटले, “तिसऱ्या रात्री या गादीवरून आमच्याकडून चुकीचे बोलले गेले. धन्य तो पिंजरा म्हणालो. तो शब्द आम्ही परत घेतो. ज्या कोणी तो ऐकून रानात जायचे ठरवले असेल त्याने आमचे ऐकून जाऊ नये.” यजमानांचे नाव घेतले नाही. पण नाव घेण्याची गरज कोणाला होती? पहिल्या दिवशी बोट आम्हीच दाखवले होते. मंडपात कोणी बोलले नाही. मग टाळ सुरू झाले, हंडी फुटली, लाह्या-दह्याचा काला वाटला गेला.

वारकरी कीर्तनाचा मोबदला घेत नाही, असा आपला दंडक. आम्हीही घेत नाही. प्रवासखर्च म्हणून एक पाकीट मिळते, ते आम्ही न पाहता पिशवीत टाकतो. त्या दिवशी पाकीट आले नाही. ते येईल अशी आपली अपेक्षा होती, हे आम्हांस तेव्हाच कळले. एस.टी.त बसल्यावर त्या पिंजऱ्यातल्या पाखराची पुन्हा आठवण झाली, आणि ती काही चांगल्या अर्थाने नव्हे. आम्हांसही कोणीतरी लहानपणी चाल शिकवली. ती आम्ही गावोगाव म्हणतो, लोक डोळे पुसतात. तीत आमचे स्वतःचे किती, आणि खाऊ मिळतो म्हणून किती, हा हिशेब आजवर पुरा झालेला नाही.

पुढे निरोपाने कळले की यजमानांनी आपण होऊन पक्षी वनखात्याच्या स्वाधीन केला. त्यांना समज देऊन सोडले. पक्ष्याला काही दिवस ठेवून, पिसे भरल्यावर, ओढ्याच्या वरच्या अंगाला मोकळे केले. हाताने भरवून वाढवलेल्या पाखराला खेकडा धरता येतो काय, ओढ्याचा जुना धनी त्याला थारा देतो काय, हे विचारायला आम्ही गेलो नाही. गावाचे बोलावणेही पुढे सहा वर्षे आले नाही.

2023 साली श्रावण अधिक होता. निज श्रावणात त्या गावाहून फोन आला. मातोश्री वारल्याला वर्ष होत होते, वर्षश्राद्धाला कीर्तन करायचे होते. बोलणारे स्वतः यजमानच. जास्त काही बोलले नाहीत; “या,” म्हणाले. आम्ही गेलो. रात्री कीर्तन झाले. तुळशीजवळचा खिळा तसाच होता, त्याला आता जपमाळेची गोमुखी अडकवलेली.

पहाटे आम्हांस जाग आली. पाऊस थांबून-थांबून पडत होता. घोंगडी डोक्यावर घेऊन ओढ्याकडे निघालो. ओढा दुथडी वाहत होता, धुक्यात पलीकडचा काठ दिसत नव्हता. बराच वेळ नुसते पाणी ऐकू येत होते. मग वरच्या अंगाने शीळ आली. आम्ही कान देऊन ऐकले. दिंडीची चाल त्यात कोठे लागते काय म्हणून ऐकले, हे कबूल करतो. दोनदा-तीनदा असे वाटले की आता ती उचलणार, आणि दर वेळी स्वर भलतीकडेच गेला. रानातलीच शीळ होती ती. चढे, उतरे, तुटे.

मागे चिखलात पाऊल वाजले. यजमान होते. हातात विजेरी होती, ती त्यांनी विझवली. तेही ऐकत उभे राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. थोडे उजाडले तेव्हा ते पुढे झाले आणि वारकऱ्यांच्या रीतीप्रमाणे आमच्या पायांवर वाकले. आम्हीही वाकलो, आणि त्या निसरड्या दगडांवर दोघांचा तोल जाऊन एकमेकांचे हात धरावे लागले. तेवढ्या हालचालीने तो पक्षी ‘क्रीऽऽ’ करून जाळीत शिरला.